मासे नसलेली टाकी

घरात नवी वस्तू आली की ती कामाला कधी लागणार, याची काळजी घरच्यांपेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच जास्त! आमच्या दिवाणखान्यात काचेची भलीमोठी टाकी आली, तिच्यात पाणी आलं, दगड आले, पंप घरघरू लागला, आणि पुढे सव्वा महिना झाला तरी तिच्यात मासा म्हणून नव्हता. दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं, "काय हो, मासे मेले वाटतं?" "मेले नाहीत, अजून यायचेत," असं मी सांगितलं, की समोरचा माणूस माझ्याकडेच जरा निरखून बघे.

हे सगळं सुरू झालं आमच्या चिरंजीवांपासून. २००३ सालचा 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट त्याने किती वेळा पाहिला, त्याची गणतीच नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो क्लाउन मासा त्याला घरी हवा होता. आता हा मासा खाऱ्या पाण्यातला, आणि आम्ही राहतो साताऱ्याला! पण ह्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांची बदली झाली आणि त्यांनी शंभर लिटर पाणी मावणारी टाकी, पंप आणि दिवा अगदी नाममात्र किमतीत आम्हाला देऊन टाकला. टाकी आली त्या रात्री उत्साह सगळ्यांचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझी झाली! घरात हौसेने आणलेल्या बहुतेक वस्तूंचं असंच होतं, नाही का? तेव्हा मीही अट घातली. म्हटलं, "निस्तरायचं मी, तर मासे कधी आणायचे तेही मीच ठरवणार." हे हसून "बरं बाई" म्हणाले.

अट घालायला कारण होतं. वरच्या काकूंच्या नातवाला वाढदिवसाला काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश मिळाला होता. तो आठ दिवसांत गेला. आमच्या मुलाने ते पाहिलं होतं आणि त्याचा एकच प्रश्न होता, "आई, पाणी तर अगदी स्वच्छ दिसत होतं ना गं?" मी बी. ए. झाले ती इतिहास घेऊन, आणि सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठी-इतिहास. त्यामुळे मी सरळ आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. मासा ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्यात घाण टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं अन्न कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. समुद्रात तो कुठल्या कुठे जातो, पण टाकीत साठतो, डोळ्यांना दिसत नाही आणि माशाला मारतो. खारं पाणी थोडं अल्कधर्मी असतं, म्हणून तिथे हे विष अधिकच जहाल. यावर निसर्गाचा उपाय म्हणजे दोन प्रकारचे जिवाणू. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर माशाला सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. मातीतल्या अशा जिवाणूंचा छडा विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास लावला. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. ते दगडांवर, वाळूवर वस्ती करून वाढायला चार-सहा आठवडे लागतात. शौकीन मंडळी याला टाकीचं 'सायकलिंग' म्हणतात. मी घरी सांगितलं, "हे विरजण आहे. लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही!"

आधी पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून घरच्या आर. ओ. यंत्राचं पाणी दोन दिवस बादल्या भरभरून साठवलं. (यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याने दोन दिवस लाद्या पुसून घेतल्या, हे सांगायला नकोच.) मीठ स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी तयार मिश्रण मिळतं. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलोच्या थोडं वरच. ते पाण्यात थोडं थोडं घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिंपात पंप लावून रात्रभर ढवळलं आणि सकाळी विशिष्ट गुरुत्व मोजलं तर १.०२५. अगदी हवं तेवढं!

आता मासे नसताना जिवाणूंना खायला काय घालायचं? काहीजण कोळंबीचा तुकडा टाकून कुजू देतात. आमच्या सोवळ्यातल्या घरात त्या वासाची कल्पनाच नको. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "अमोनियम क्लोराइड घाला. म्हणजे तुमचा नवसागर!" लहानपणी दारात बसून भांडी कल्हई करणारा जो पांढरा खडा चोळायचा आणि भपकन धूर निघायचा, तो हा नवसागर. सासूबाईंचे डोळे चमकले. पण बाजारातला खडा शुद्ध नसतो, म्हणून रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेचा आणला. शंभर लिटरला अवघा ०.६ ग्रॅम पुरतो. एवढं वजन घरच्या काट्यावर कुठलं कळायला! ओळखीच्या सोनाराकडे गेले. त्याने निमूट वजन करून पुड्या बांधून दिल्या, आणि "वहिनी, हे सोनं नव्हे हं," असं म्हणून घेतलंच.

तपासणीची पेटी आणली. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. अमोनिया असेल तर पिवळ्याचं हिरवं होतं, नायट्राइट असेल तर निळ्याचं जांभळं. दुधाच्या हिशेबाच्या वहीला मागून सुरुवात करून मी रोजची नोंद ठेवू लागले. पहिले आठ दिवस हिरवं ते हिरवंच. नवव्या दिवशी हिरवा थोडा फिका आणि दुसऱ्या नळीत पहिल्यांदाच जांभळी झाक! पंधराव्या दिवशी अमोनिया शून्य. दुसरी पुडी टाकली. पण जांभळा रंग मात्र गडदच होत चालला. पहिल्यांनी काम सुरू केलं होतं, दुसऱ्यांचा अजून पत्ता नव्हता.

मधल्या काळात काही कमी झालं नाही. एका दुपारी चार तास वीज गेली. हे जिवाणू प्राणवायूवर जगतात, पाणी थांबून चालत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणून ठेवला होता, तो कामी आला. मग दगडांवर तपकिरी साय धरली. पाहुण्यांनी नाकं मुरडली. माझेही हात घासायला शिवशिवत होते, पण नव्या टाकीत ही डायटम नावाची सूक्ष्म वनस्पती येतेच आणि पुढे आपोआप कमी होते, हे कळल्यावर ब्रश परत मोरीत ठेवला. जिवाणूंना उजेड लागत नाही, म्हणून दिवाही बंदच ठेवला. त्यामुळे शेवाळ कमी आणि विजेचं बिलही कमी!

खरी परीक्षा एकोणिसाव्या दिवशी झाली. रविवारी नणंदबाई मुलांसह यायच्या होत्या. आमच्या मुलाने आतेभावंडांना 'नीमो' दाखवायचं कबूल करून टाकलं होतं. हे कामासाठी पुण्याला गेले होते आणि परस्पर माशांच्या दुकानात उभे राहून त्यांनी मला फोन केला. "छान जोडी आहे समोर. दुकानदार म्हणतो, जिवाणूंची बाटली ओता आणि उद्या मासे सोडा. खाऱ्या पाण्यात नायट्राइट तेवढं बाधत नाही म्हणे."

दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाच्या रक्तात सहज शिरत नाही, हे मलाही बाईंनी सांगितलं होतं. बाटलीनेही कधीकधी काम लवकर होतं. मासे कदाचित जगलेही असते. पण 'कदाचित'वर दोन जीव आणायचे? अर्धं काम अजून व्हायचं होतं, हे वही सांगत होती. मुलगा शेजारी उभा राहून फोन ऐकत होता. मी म्हटलं, "नको. रिकाम्या हाताने या."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "अगं, पोरांसाठी म्हणून..." आणि फोन ठेवला. मुलगा गॅलरीत जाऊन रडला. रात्री हे आले ते जेवून सरळ झोपले. दोन दिवस आमच्यात मिठाच्या बरणीपलीकडे बोलणं नव्हतं. रविवारी नणंदबाई हसून म्हणाल्या, "वहिनी, पाण्याचीच पूजा बांधली आहेस की काय?" ह्यांनीही हसून घेतलं. मला ते लागलं. ज्या घरात तांदूळ कुठला आणायचा यावर पाचजणांचं मत असतं, तिथे एका गोष्टीत माझा शब्द शेवटचा ठरला होता, आणि तोच सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाला होता.

त्या वेळी बोलल्या त्या सासूबाई. इतके दिवस त्याच "रिकामा हौद" म्हणायच्या! पोळी वाढता वाढता लेकीला म्हणाल्या, "नव्या पाट्यावरचं पहिलं वाटण कुणी ताटात वाढत नाही गं. कच लागतो. ती म्हणते तर थांबा." विषय तिथेच संपला.

त्यानंतर मी मुलालाच नळ्या हातात दिल्या. रोज संध्याकाळी तो थेंब मोजायचा आणि वहीत रंग लिहायचा. छत्तिसाव्या दिवशी त्याने हाका मारून घर डोक्यावर घेतलं, "आई, निळं! निळं झालं!" तरी आम्ही तिसरी पुडी टाकली. चोवीस तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, तर टाकी तयार समजायची असा नियम. आलं! नायट्रेट वीसच्या आसपास होतं. निम्मं पाणी बदलल्यावर ते दहावर आलं. मग मी ह्यांना म्हटलं, "चला पुण्याला."

दुकानात रंगीत प्रवाळाचा तुकडाही पुढे करण्यात आला. "घ्या हो, कोण बघतंय!" मी साफ नाही म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा पहिल्या अनुसूचीत आले आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. आमच्या टाकीतले दगड म्हणूनच माणसाने बनवलेले, सच्छिद्र आहेत. खरे प्रवाळ पाहायचे तर मालवणला जाऊ. मासेही पैदास केंद्रातलेच मागून घेतले. तमिळनाडूतल्या मंडपमला आणि केरळातल्या विळिंजमला केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी क्लाउन माशांची पैदास केली आहे. तेव्हा समुद्रातून पकडलेला मासाच हवा, असं काही नाही.

आता दोन आहेत. एक मोठा, एक लहान. हे मासे जन्माला येतात ते सगळे नर, आणि जोडीत जो मोठा आणि वरचढ तो पुढे मादी होतो. हे ऐकून सासूबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

कुणा मैत्रिणीला असं करावंसं वाटलं तर चार गोष्टी सांगते. टाकीसाठीची बादली, मग वेगळेच ठेवावेत. साबणाचा हात लागू देऊ नये. उन्हाळ्यात पाणी आटतं, पण मीठ आटत नाही, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी. गाळणीचा स्पंज नळाखाली धुवू नये, काढलेल्या जुन्या पाण्यातच खळबळावा. नाहीतर जिवाणूंची वस्ती धुऊन जाते. डास-झुरळांचे फवारे त्या खोलीत मारू नयेत. वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही. आणि मासे आले तरी अन्न चिमूटभरच घालावं.

परवा हे म्हणाले, "आणखी दोन निळे मासे आणले तर?" आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हणजे... वहीत बघून सांग." मी वही मुलाकडे दिली. त्याने पानं उलटली, नायट्रेटचा आकडा पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं, "अजून एक महिना, बाबा."