सिलिकॉनची भूक

बरेच दिवस चालवलेला, सिलिकॉनचा अ‍ॅनोड असलेला लिथियम-आयन कॉइन सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला की या पदार्थाचा स्वभाव कळतो. तांब्याच्या फॉइलवरचा काळा लेप जागोजागी सुटलेला, त्याचे पापुद्रे सेपरेटरला चिकटलेले, उरलेल्यावर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा.

अ‍ॅनोडमधला नेहमीचा ग्रॅफाइट ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास साठवतो, सिलिकॉन सुमारे 3,600. या आकड्याने भल्याभल्यांना भुरळ घातली आहे. पण इतकं लिथियम पोटात घेताना सिलिकॉन फुगून जवळपास चौपट होतो. ग्रॅफाइट फुगतो तो दहा टक्क्यांच्या आसपास. स्फटिकी सिलिकॉनचा कण साधारण 150 नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर तो पहिल्या चार्जिंगला तडकत नाही, म्हणून सगळे नॅनो पावडरीच्या मागे लागले.

मी तिथे जरा हात आखडता घेतो. कण लहान केला की एका ग्रॅमचा पृष्ठभाग वाढतो, आणि त्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन थर धरतो. त्या थरात लिथियम कायमचं अडकतं. कण फुगतो, थर फाटतो, नवा धरतो; पुन्हा लिथियम खर्च. पावडरीवरच्या ऑक्साइडचंही तसंच. पातळ असला तर सीएमसी बाइंडर, म्हणजे लेप जोडून ठेवणारा डिंक, त्याला छान धरतो, जाड झाला तर पहिल्याच चार्जिंगला लिथियम खातो. लेपासाठी पाण्यात कालवलेली स्लरी थोडी अल्कधर्मी झाली तर नॅनो सिलिकॉन हायड्रोजन सोडतो. बरणीत बारीक बुडबुडे दिसले की तो लेप लावण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की प्रयोगशाळेतल्या हाफ-सेलमध्ये ही उधळपट्टी दिसतच नाही. समोर लिथियमचा पत्रा असतो. कितीही खा, तो पुरवत राहतो. खऱ्या बॅटरीत लिथियम मोजूनमापून येतं, कॅथोडमधून. दर फेरीला 99.9 टक्के परत मिळालं तर 500 फेऱ्यांनंतर सुमारे 60 टक्के उरतं, 99.5 टक्के मिळालं तर जेमतेम 8. कागदावर दोन्ही आकडे उत्तमच वाटतात!

म्हणून बाजारातल्या अनेक सेलमध्ये सिलिकॉन किंवा त्याचा ऑक्साइड ग्रॅफाइटमध्ये थोडाच मिसळतात, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. ‘दहापट क्षमतेची बॅटरी’ अशी बातमी वाचलीत, तर एवढंच विचारा: सेल हाफ होता की पूर्ण, आणि पहिल्या फेरीत लिथियम किती गेलं?