मदीनेच्या सात बिया

अम्मी उमऱ्याहून परतली तेव्हा लातूरच्या घरी दोन दिवस माणसांची रीघ लागली होती. जमजम, तसबीह, जानमाज आणि अजवा खजूर यांचं वाटप झालं. मी नांदेडहून शनिवारी पोचलो, तर अम्मीने रुमालाची गाठ सोडून माझ्यापुढे ठेवली. आत धुऊन वाळवलेल्या सात बिया होत्या.

"एक अब्बा की कबर के बाजू में लगा, बाकी खेत में," ती म्हणाली.

मी नुसती मान हलवली. अब्बांचा इंतेकाल होऊन तीन वर्षं झाली होती. मातीच्या त्या ढिगाऱ्यावर सावली असावी असं तिला वाटत होतं, आणि ती मदीनेच्या झाडाची असेल तर आणखी काय हवं!

माझा एक माजी विद्यार्थी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. खजूर कसा लावायचा हे विचारायला मी त्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, "सर, बी आलंय कुठून?" मी सांगितलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "खायला आणलेला खजूर वेगळा आणि पेरायला आणलेलं बी वेगळं, सर."

मग त्याने नियम समजावला. आपल्याकडे 1914 पासून विनाशकारी कीटक आणि किडींविषयीचा कायदा आहे. त्याखाली 2003 चा वनस्पती क्वारंटाइन आदेश आहे. परदेशातून लागवडीसाठी बी किंवा रोप आणायचं तर आधी आयात परवाना काढावा लागतो. पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी खात्याने माल तपासून तो कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला द्यावा लागतो. इथे उतरल्यावर पुन्हा तपासणी होते, आणि काही रोपं तर काही काळ देखरेखीखाली वेगळी वाढवावी लागतात. पिशवीतून आलेल्या बीला यातलं काहीच लागू झालेलं नसतं. "खाल्लेला खजूर तुमच्या घरात संपतो. पेरलेला पन्नास वर्षं जमिनीत राहतो, आणि त्याच्यासोबत आलेलंही राहतं," तो म्हणाला.

अम्मीला हे सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "मदीने की गुठली में कायकी बीमारी रे?"

तिच्या प्रश्नात नुसती श्रद्धा नव्हती, दुखरी जागाही होती. 2020 च्या मार्चनंतर 'क्वारंटाइन' हा शब्द आमच्या मोहल्ल्यात फक्त आजाराचा उरला नव्हता. भाजीच्या गाड्यावर आधी नाव विचारलं जात होतं. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, आणि बळीचा बकरा करण्यासाठी त्यांना निवडलं गेलं असावं, असं निरीक्षण नोंदवलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता आपल्या खजुरालाही कोणी रोगट म्हणतंय, असं अम्मीला वाटलं असेल तर त्यात तिचं काय चुकलं?

मी तिला सोंड्या भुंग्याची गोष्ट सांगितली. हा तांबडा भुंगा मूळचा आपल्या दक्षिण आणि आग्नेय आशियातला. नारळाच्या खोडात शिरून त्याच्या अळ्या आतला गाभा पोखरतात. झाड बाहेरून हिरवं दिसतं आणि एक दिवस मान टाकतं. हा भुंगा 1980 च्या दशकात आखाती देशांत पोचला, तो पामच्या रोपांसोबत. आज सौदी अरेबियातले खजूरवाले त्याच्याशी झुंजताहेत. म्हणजे मदीनेची बीमारी आपल्याकडे यायच्या आधी आपलीच कीड अरबांच्या बागेत गेली होती.

अम्मी गप्प झाली. मग म्हणाली, "तोबा."

मोरोक्कोत तर 'बायूद' नावाच्या बुरशीने शंभरेक वर्षांत खजुराची लाखो झाडं मारली. ती लागण झालेल्या फुटव्यांतून आणि मातीतून पसरते. बीमध्ये धोका फुटव्यापेक्षा कमी, पण खजुराच्या बीला भोक पाडून आतच संसार थाटणारा एक बारका भुंगेराही आहेच. लांब कशाला जायचं? आपल्या बांधावरचं गाजर गवत बघा. ते अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत आलं असं मानतात. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. आज नांदेड-लातूर रस्त्याला दोन्ही कडांनी तेच उभं आहे. त्या गव्हाला कोणी वाईट हेतूने पाठवलं नव्हतं.

वर्गात मी मुलांना शब्दांची मुळं सांगतो. क्वारंटाइन हा शब्द इटालियन भाषेतल्या चाळीस या आकड्यावरून आला. व्हेनिसच्या बंदरात जहाजं चाळीस दिवस थांबवून ठेवत. आपल्याकडेही चिल्ला चाळीसचा आणि चाळिसावाही. प्लेगच्या गावात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ती दोन्ही बाजूंना बांधते, येणाऱ्याला आणि जाणाऱ्यालाही. मला वाटतं, काळजी आणि संशय यांच्यातला फरक इथेच आहे. काळजी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, मग गहू अमेरिकेचा असो की खजूर मदीनेचा. संशय आधी नाव विचारतो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याने सांगितली होती. अजवाचं बी लावलं तरी अजवा येईलच असं नाही. बियांपासून आलेली निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळच धरत नाही. मादी निघाली तरी फळ आईसारखं निघत नाही. म्हणून बागायतदार फुटवे किंवा टिश्यू कल्चरची रोपं लावतात. हे ऐकून अम्मी पहिल्यांदा हसली. "औलाद का भी ऐसाच है."

अम्मीने त्या सात बिया पाण्यात खळखळ उकळल्या, उन्हात वाळवल्या आणि अब्बांच्या तसबीहच्या डबीत ठेवल्या. कबरीजवळ काय लावायचं हा प्रश्न उरलाच होता. पावसाळ्यात आम्ही ओढ्याकाठच्या शिंदीच्या बिया गोळा केल्या. शिंदी म्हणजे खजुराची आपल्या मातीतली बहीणच. एक कबरीपासून जरा लांब, भिंतीच्या कडेला पेरली. गवताच्या पात्यासारखं एकच पान वर आलंय.

अम्मी दर जुम्म्याला तांब्याभर पाणी घालते. परवा मला म्हणाली, "अब्बा को शिंदी के खारक भोत पसंद थे. तू भूल गया."

मी खरंच विसरलो होतो.