घंटेचं माहेर

दादरहून विरार लोकलने सकाळी निघायचं, तर एकच शहाणपण लागतं. उलटं जायचं. आठच्या सुमाराला सगळी वसई-विरार चर्चगेटकडे लोटत असते, तेव्हा आपल्या डब्यात खिडकी मिळते, पायही पसरता येतात. शेजारच्या रुळांवरून दारात लोंबकळत जाणाऱ्या माणसांकडे बघताना मात्र थोडं ओशाळल्यासारखं होतं.

विरारहून मुंबईकडे गाडी धावू लागली ती १८६७ साली. तेव्हा गर्दी कसली असणार! भाईंदर सुटलं की अजूनही जरा तसं वाटतं. इमारती मागे पडतात, मिठागरं दिसतात आणि चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो. वसईची खाडी. समोरची एक बाई दाराशी गेली, पिशवीतलं निर्माल्य पिशवीसकट पाण्यात भिरकावून हात जोडून परत आली. मधे पाणजू बेट, की पुन्हा पूल, की नायगाव. सगळं मिळून काही मिनिटं. चिमाजी अप्पांच्या फौजेला हाच मुलूख घ्यायला १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षं लागली होती.

पण मी काही मोहिमेचा अभ्यास करायला निघालो नव्हतो. मी निघालो होतो एका घंटेचं माहेर बघायला.

माझं लहानपण वाईचं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथे दगडी घुमटीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. मामा कडेवर उचलून घ्यायचा आणि मी तिच्यावर मूठ आपटायचो. मूठ दुखायची, घंटा ढिम्म. तिच्यावर बाळ घेतलेली एक बाई कोरली आहे. आम्हा पोरांच्या लेखी ती यशोदा. ती मेरी आहे आणि खाली १७०७ हा इसवी सनाचा आकडा आहे, हे पुढे कॉलेजात कळलं. घंटा वसईची. किल्ला पडल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची, मेणवलीची, सगळ्या तिथल्याच. खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण नारोशंकराची घंटा म्हणतो, तो आवाजही पोर्तुगिजांचा.

स्टेशनवरून रिक्षा, वसईगावातून पुढे दुसरी रिक्षा. गड म्हटलं की पाय आपोआप चढायच्या तयारीला लागतात. इथे चढच नाही. डांबरी रस्ता सरळ तटातून आत शिरतो आणि जेट्टीपाशी जाऊन थांबतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं तटाच्या आत अख्खं शहर नांदलं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ज्याचा त्याचा मठ वेगळा. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये छप्पर नाही, पण जमिनीत थडग्यांच्या फरशा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. मी नकळत चपला काढल्या. मग आजूबाजूला बघून पुन्हा घातल्या. पलीकडे लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. नवरी पायघोळ झगा सावरत कमानीखाली उभी, आणि फोटोग्राफर तिला सांगत होता, ‘मॅडम, जरा दुःखी बघा.’

सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली मात्र बराच वेळ थांबलो. वर नजर टाकली तर आभाळाचा तुकडा, पारव्यांची घरटी. माझी घंटा याच मनोऱ्यातली का, कोण सांगणार. पण कुठल्यातरी अशाच पोकळीतून ती उतरवली असणार, दोर लावून, शिव्या देत, हळू हळू. तह झाला तेव्हा अप्पांनी पोर्तुगिजांना शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिलं, याचा शाळेत असल्यापासून मला अभिमान आहे. घंटांना ‘लूट’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्या देवळातली घंटा कोणी अशी नेली असती तर मात्र दुसरा शब्द सुचला नसता, हेही खरं.

जेट्टीकडच्या कोळीवाड्यात वलांड्यांवर बोंबील वाळत होते. एक मावशी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर टाकत होती, आणि नजर माझ्यावर.

‘काय बगाला आलाव?’

‘ते जुनं चर्च. मोठा मनोरा आहे ना, ते.’

‘देऊल ते. पोर्तुगिजांचा.’ तिने दुसरी जोडी उचलली. ‘त्यात काय नाय आता. घंटा पन नाय.’

‘एक आमच्याकडे आहे,’ मी म्हणालो. कसं बोलून गेलो कोण जाणे. ‘वाईजवळ. नदीकाठी.’

तिचा हात थांबला. ‘वाजवता का?’

काय सांगणार? लहानपणी मुठीने वाजवायचो, नीट वाजलेली कधी ऐकली नाही. ‘वाजते,’ म्हटलं.

तेवढ्यात बारा वाजले असावेत. गावातल्या कुठल्यातरी देवळाची घंटा सुरू झाली, लांबून, वाऱ्यावर वरखाली होत. मावशीने हातातली जोडी वलांडीवर टाकली, हात पदराला पुसला, कपाळ, छाती, दोन्ही खांदे. ओठ थोडे हलले. घंटा थांबेपर्यंत आम्ही दोघेही तसेच उभे राहिलो.

मग ती म्हणाली, ‘सुके नेताव काय? शंभरला देते.’