आडोशाचा हात

दसऱ्याच्या सुट्टीत बंगळूरहून म्हैसूरला जायचं, हा आमच्या राजाजीनगरच्या घराचा नेम होता. १९७६च्या खेपेला आजी बरोबर होती. तिचा जन्म निपाणीजवळच्या खेड्यात तंबाखूच्या रानात गेलेला. आजोबा गेल्यावर बाबांनी तिला आमच्याकडे आणलं होतं.

जगनमोहन पॅलेसमध्ये एका अंधाऱ्या खोलीत सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ होतं. एका हातात दिवा घेतलेली बाई, ज्योतीआड धरलेला दुसरा हात, उजेडानं लालबुंद झालेली बोटं. आम्ही पोरं चेहरा बघत होतो. आजीनं नुसता हात बघितला आणि म्हणाली, “भाजतंय की गं पोरीला.”

तिला ते कळणारच. गावी असताना पहाटे चारला उठून जात्यावर पायलीभर जोंधळे दळायचे, मग काखेत चरवी आणि हातात चिमणी घेऊन परसातून गोठ्यात, म्हशीची धार काढायला. वारं फिरलं की ज्योतीआडचा हातही फिरायचा, उंबरा पायानंच चाचपायचा. बंगळुरात विजेचे दिवे १९०५ सालीच लागले होते. तिची निम्मी हयात मात्र चिमणीवर गेली. आमच्याकडे लाइट गेली की आम्ही आणलेली मेणबत्ती दारातच विझायची. आजीची कधी विझली नाही. तिच्या तळव्याची करंगळीकडची कड काळवंडून टणक झाली होती. परवा भावंडं जमलो तेव्हा कळलं, आम्ही सगळ्यांनीच लहानपणी तिथं बोट लावून पाहिलंय.

हे चित्र रविवर्म्याचं म्हणून पुष्कळ घरांत सांगितलं जातं. ते मला खटकतं. रविवर्मा १९०६ला गेले. हे चित्र १९४५-४६चं, तेही जलरंगातलं. सावंतवाडीकडच्या या चित्रकारानं देवी-अप्सरा काढली नाही. घरातली बाई रोज करते ते काम काढलं. उजेडापेक्षा तो जपणारा हात त्यांना दिसला, म्हणून हे चित्र मोठं.

चित्रासाठी उभी होती ती त्यांची मुलगी गीता. आजीला हे कधीच कळलं नाही. त्या गीताबाई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, वयाच्या १०२व्या वर्षी. आजी बाजाराला कोल्हापूरलाच जायची.