आपला

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात कुणाच्या ओसरीवर पाय ठेवा, स्वागताला पुढे येतो तो हाच. "बसा जी, आपलंच घर हाय." घर त्यांचं, पाहुणा परका, पण 'आपला'नं त्याला बोलता बोलता उंबऱ्याच्या आत घेतलेलं असतं.

त्याचा सोबती 'आमचा' तसा नाही. 'आमचं वावर' म्हटलं की धुरा आखला जातो आणि ऐकणारा धुऱ्यापलीकडे राहतो. 'आपलं वावर' म्हटलं की तोही वाटेकरी. इंग्रजीतला 'अवर' आणि हिंदीतला 'हमारा' दोन्हीकडे सारखेच चालतात. ऐकणारा आत की बाहेर, ते त्यांच्यावरून कळत नाही.

घराणं जुनं. संस्कृतातला 'आत्मन्' प्राकृतात 'अप्पा', 'अप्पण' झाला, त्यातून 'आपण' आणि 'आपला' आले. मुळात 'स्वतःचा' एवढाच अर्थ. 'राम आपल्या घरी गेला' यात तो अजून शाबूत आहे. मग त्यात 'तुझा नि माझा मिळून' हा अर्थ कुठून शिरला? द्राविडी भाषांच्या शेजारातून, असं अनेक अभ्यासक मानतात. तेलुगूत 'मन' म्हणजे आपला, 'मा' म्हणजे आमचा. तेलंगणाच्या हद्दीलगतच्या या तालुक्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी कानावर पडतात, तेव्हा मला तरी ते म्हणणं पटतं.

हा शेजार जुनाच. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आदिलाबाद जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला, १९५९ साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला. शेजारच्या जिवतीच्या डोंगरातल्या चौदा गावांना अजून महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्यं 'आमची' म्हणतात. 'आपली' म्हणायला दोघांनी एका ओसरीवर बसावं लागेल.

स्वभावानं 'आपला' भिडस्त. "काही नाही, आपलं सहज आलो" यात तो स्वतःकडे लक्षही वेधू देत नाही. बोलणारा चुकला तर हळूच सावरून घेतो: "सोमवारी... आपलं, मंगळवारी." अर्जाच्या तळाशी 'आपला नम्र' होऊन उभा राहतो तेव्हा मात्र अवघडलेला दिसतो.

त्याची खरी परीक्षा घरातच होते. नवी सून माहेरच्या गोष्टी सांगताना 'आमच्याकडे' म्हणते, सासरच्या सांगताना 'तुमच्याकडे'. कुणी टोकत नाही. मग एखाद्या संध्याकाळी चुलीपाशी शेंगा सोलता सोलता ती म्हणते, "औंदा आपली तूर बरी हाय." सासूचा हात थांबतो. ती काही बोलत नाही, फक्त सोललेल्या दाण्यांचं सूप सुनेकडे सरकवते.