तंट्याच्या कागदांतली माणसं

घराण्याचा इतिहास शोधायचा असेल तर कौतुकाच्या कागदांपेक्षा तंट्याचे कागद जास्त कामाला येतात, असं माझं पक्कं मत आहे. जाफराबादेत आणि आसपासच्या गावांत मोडी वाचणारे आता थोडेच उरलेत, म्हणून लोक जुनी दप्तरं घेऊन माझ्याकडे येतात. कापडात बांधलेलं, कडा कुरतडलेलं, कुठं तेलाचा डाग पडलेलं. आत पूर्वजांच्या पराक्रमाची हकिकत निघेल अशी त्यांना आशा असते. निघतं ते गहाणखत, वाटणीपत्र, वारसाची चौकशी, नाहीतर बांधावरून झालेली फिर्याद. काहींचा चेहरा उतरतो. मला मात्र हुरूप येतो. सगळं सुरळीत चाललेल्या घरानं आपल्या आजा-पणजाची नावं सरकारात कशाला लिहून दिली असती? भाऊ वेगळे झाले, कुणी निपुत्रिक वारलं, दत्तकावर हरकत आली, की कोण कुणाचा कोण हे लिहावंच लागलं.

मराठेशाहीत वतनाचा वाद उभा राहिला की दोन्ही पक्षांकडून करीना लिहून घेत. मूळ पुरुष कोण, त्याला पुत्र किती, कुणाचा वंश चालला, कोण परागंदा झाला, वतन कुणी किती वर्षं खाल्लं, सगळं त्यात येई. दोन भाऊबंदांचे दोन करीने शेजारी ठेवून वाचले की जिथं दोघांचं जमतं तिथं बहुधा खरं सापडतं, आणि जिथं बिनसतं तिथं भांडणाचं मूळ. पुढं गोतसभेत निवाडा होऊन महजर, म्हणजे निवाडपत्र, व्हायचा. त्याच्या शेवटी लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असतात: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. बोरूनं दोन-चार रेघांत काढलेला तो नांगर पाहिला की माझं वाचन थोडा वेळ थांबतंच. एवढंच त्या माणसाच्या हातचं उरलेलं असतं.

आमचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा. त्यामुळे इथल्या कागदाचा तोंडवळा पुण्याकडच्या कागदासारखा नाही. गावपातळीवर कुलकर्ण्याची मोडी, वरच्या कचेरीत आधी फारसी आणि 1884 नंतर उर्दू. एकाच पानावर मजकूर मोडीत आणि समासात तिरका उर्दू शेरा, असं वारंवार दिसतं. तो शेरा शिकस्ता वळणाचा असतो, नुक्ते गाळलेले, अक्षरात अक्षर गुंतलेलं. उर्दूसाठी मी गावातल्या एका जाणत्या मास्तरांकडे जातो. आम्ही एकच कागद मध्ये ठेवून बसतो, मी डावीकडून वाचतो, ते उजवीकडून, आणि एखाद्या नावावर दोघं एकत्र आलो की ते नाव पक्कं समजायचं.

मोडी वाचायला शिकणाऱ्यांना मी सांगतो, थेट नावाकडे धावू नका. लिहिणाऱ्यानं आधी आडवी रेघ ओढलीय आणि तिच्याखाली अक्षरं अडकवत हात न उचलता तो पुढं गेलाय. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही, विरामचिन्ह नाही. म्हणून ठरावीक शब्द आधी हुडकायचे: मौजे, परगणे, बिन आणि वलद (अमक्याचा मुलगा), साकीन (राहणार). हे शब्द कुठल्याही कागदात असतातच. त्यांत त्या माणसाचा ‘ब’ कसा, ‘ल’ कसा, ‘र’ कुठं वळतो ते पाहून घ्यायचं. हात ओळखीचा झाला की मग नावांकडे वळायचं. नाव अनोळखी असतं, त्याला संदर्भाचा आधार नसतो.

तारखेचंही तसंच. जुन्या कागदात सुहूर सन अरबी शब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून 1161. त्यात 599 मिळवले की येतो 1760 चा मृग, म्हणजे हे साल सुरू होतं ती वेळ; पुढं पानिपत झालं ते याच सालात. निजामाच्या कागदात फसली, त्यात 590 मिळवायचे. पण हैदराबादचं फसली वर्ष 6 ऑक्टोबरला, अझुर महिन्यात सुरू होतं. हे ध्यानात नसलं तर माणूस एक वर्ष आधी किंवा नंतर मरतो आणि पुढची सगळी वंशावळ हलते.

एक कागद मला विसरता येत नाही. केळणा नदीच्या काठच्या एका घरातला. थोडी इनामी जमीन, आणि इनामदार वारल्यावर व्हायची तशी विरासतीची चौकशी. सोबत शजरा, म्हणजे वंशवृक्ष. वर मूळ पुरुष, खाली रेघा, रेघांच्या टोकाला नावं. तिसऱ्या पिढीत दोन सख्खे भाऊ, थोरल्याच्या नावाखाली ‘फौत’, म्हणजे मयत, धाकट्याच्या खाली ‘लावल्द फौत’, म्हणजे निपुत्रिक मयत. दोघांचा महिना एकच, अझुर 1328 फसली. हिशेब केला तर ऑक्टोबर 1918 निघाला. त्या वर्षीच्या तापाच्या साथीला आमच्याकडे मानमोडी म्हणत. घरात सांगत आले होते की भावाभावांत बिनसलं आणि धाकटा रागानं देशोधडीला लागला. तो कुठंच गेला नव्हता. थोरल्यामागोमाग, त्याच महिन्यात, त्याच घरात तो गेला होता.

शजऱ्यात बाईचं नाव नाही. शजरा पुरुषांचाच असतो. पण खालचा अर्ज थोरल्याच्या विधवेनं केलेला आहे, नाबालिग मुलाची पालक म्हणून. तिच्या नावापुढं ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, मग नवऱ्याचं नाव, आणि शेवटी काळ्या शाईचा अंगठा. शेजारी कुलकर्ण्यानं बारीक अक्षरात लिहिलंय की अंगठा हिचाच. मुलगा लहान, दोन कर्ते पुरुष एका महिन्यात गेलेले, आणि ही बाई कचेरीत जाऊन जमीन मुलाच्या नावे मागते आहे. आज त्या घरात जी माणसं आहेत ती सगळी त्या मुलाची. तिचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी ते इथं लिहीत नाही, ते त्या घराचं आहे.

2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली बंद दप्तरं भराभर उघडू लागली. पाहणीपत्रक, खासरापत्रक, दत्तकविधानं, जन्म-मृत्यूच्या नोंदी. तेव्हापासून येणारा प्रत्येक जण ‘कुणबी’ या एकाच शब्दाबद्दल विचारतो. त्या शब्दावर पोराचा प्रवेश अडलेला असतो, नोकरी अडलेली असते, म्हणून मीही आधी तोच शोधतो. पण तो सापडला की कागद लगेच मिटवू देत नाही. बसा म्हणतो, पूर्ण ऐकून जा. कर्ज किती होतं, कुणाकडून घेतलं, कुठला बैल गहाण पडला, हे ऐकताना लोकांचा आवाज बदलतो.

पण कागद उरला तरच हे ऐकता येतं. आमच्या जवळच असई आहे. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्मानं डब्लिनचा. त्याच डब्लिनमध्ये 30 जून 1922 रोजी, यादवीत, सरकारी अभिलेखागार जळालं. शेकडो वर्षांची मृत्युपत्रं, जुन्या जनगणना, बहुतेक सगळं गेलं. तेव्हापासून आयरिश लोक आपली घराणी शोधायला 1708 पासून चालत आलेल्या दस्तनोंदणी कचेरीत जातात, आणि तिथंही त्यांना पूर्वज सापडतात ते भाडेपट्ट्यात, गहाणखतात, लग्नाच्या करारात, कधी नुसते साक्षीदार म्हणून. हे वाचलं तेव्हा ती माणसं मला फार जवळची वाटली. आपल्याकडे सगळं एका जागी नव्हतं म्हणून बरंच वाचलं. पण घरोघरी वाळवी लागतेय, आणि जपायचं म्हणून लोक कागद लॅमिनेट करून आणतात. तसं करू नका. उष्णतेनं जुना कागद भाजतो आणि पुन्हा सुटा करता येत नाही. चिकटपट्टीही नको. सुती कापडात सैल बांधा, आणि उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कारण खरा शेरा कितीदा पाठीमागेच असतो.

आणि कागद वाचायला आणण्याआधी घरातल्या थोरांना विचारून तीन पिढ्यांची नावं लिहून आणा, बायकांची माहेरं धरून. साक्षीदारांच्या यादीत परगावचा एखादा माणूस दिसतो, कुणाचा कोण ते कळत नाही. तो आजीच्या गावचा निघाला, तर तिथल्या दप्तरातही शोधता येतं.