नर्मदेकाठची आदिमाता

नर्मदा परिक्रमेला निघालेल्या मराठी यात्रेकरूंना काठावरची किती गावे लागतात, याची गणती नाही. मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यातले हथनोरा हे त्यांतलेच एक, नदीच्या उत्तर तीरावरचे. नर्मदापुरम, म्हणजे २०२२ पर्यंतचे होशंगाबाद, तेथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. माणसाचे मूळ शोधणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांना मात्र हे खेडे चांगलेच ठाऊक आहे.

५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॉ. अरुण सोनकिया यांना येथील दरडीच्या पायथ्याशी, दगडगोट्यांच्या घट्ट थरात एक कवटी रुतलेली आढळली. उजवी बाजू बरीचशी शाबूत, डावी तुटलेली. जबडा नाही, दात नाहीत. नदीच्या काठी प्राण्यांचे जीवाश्म दीडशे वर्षे सापडतच होते. माणूस प्रथमच सापडला.

पण कोणता माणूस? सोनकिया यांनी तिला ताठ चालणाऱ्या आदिमानवाच्या, ‘होमो इरेक्टस’च्या कुळात बसवले आणि नर्मदेचे नाव दिले. १९९१ मध्ये अमेरिकेतील केनेथ केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कवटी आपल्याच जातीच्या प्राचीन रूपाची असल्याचे मांडले. मेंदूचे आकारमान त्यांनी ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर धरले. आजच्या माणसाचे सरासरी १३५०च्या आसपास असते. अर्ध्या कवटीवरून एवढा वाद व्हावा याचे नवल वाटेल. पण भारतात एवढी जुनी, सर्वमान्य अशी दुसरी कवटीच नाही, तर ताडून पाहायचे कशाशी? ती प्रौढ स्त्रीची असावी, असे तज्ज्ञ म्हणतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिचे वय किमान २ लाख ३६ हजार वर्षे भरते. याच ठिकाणी मिळालेल्या गळपट्टीच्या हाडाचे वर्णन ए. आर. सांख्यान यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ते इतके लहान की, ती व्यक्ती फार बुटकी असावी.

या बाईच्या काळात नर्मदेकाठी पाणघोडे डुंबत, रानबैलांचे कळप फिरत आणि लांबलचक सुळ्यांचे स्टेगोडॉन हत्ती वावरत. त्याच थरात दगडी हातकुऱ्हाडीही मिळाल्या आहेत.

असल्या हातकुऱ्हाडी महाराष्ट्रालाही नव्या नाहीत. प्रवरेकाठी नेवाशाला, कुकडीकाठी जुन्नर तालुक्यातल्या बोरीला त्या मिळाल्या. बोरीला तर ज्वालामुखीच्या राखेच्या सोबतीने. हत्यारे घडवणाऱ्याचे हाड मात्र एकही नाही. दगड टिकतो, हाड आपल्याकडच्या ऊनपावसात कुजून जाते. ते गाळाखाली लवकर गाडले गेले आणि मातीतली खनिजे त्यात झिरपली, तरच त्याचा दगड बनतो. हथनोऱ्याला हा योग जुळून आला.

म्हणूनच या दरडीची काळजी वाटते. दर पावसाळ्यात पूर काठ खातो. त्यात नर्मदेच्या खोऱ्यातला बेकायदा वाळूउपसा. थरातून निसटलेल्या हाडाचे वय सांगणे फार अवघड, कारण ते कोणत्या गोट्यांशेजारी, किती खोल पडले होते, यावरूनच बराचसा हिशेब मांडावा लागतो.

जायचे तर थंडीत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला जावे. तेव्हा पाणी उतरते आणि गोट्यांचा थर उघडा पडतो. इटारसी जंक्शनहून नर्मदापुरम जवळच आहे. गावालगतच्या आदमगढ टेकडीवरची शैलचित्रेही पाहून घ्यावीत. भोपाळच्या रस्त्यावर भीमबेटका आहे. तेथल्या चित्रगुंफा १९५७ साली डॉ. वि. श्री. वाकणकरांच्या नजरेस पडल्या. हथनोऱ्याच्या काठावर हाडासारखे काही दिसले, तर ते उचलू नये. जागेची खूण ठेवून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.